मेहताब टॉकीजची निरोपाची काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. आरसा नव्हे आणि खिडकीचं तावदानही नव्हे. तळहाताएवढी, चौकोनी, एक कोपरा उडालेली साधी काच. महाडच्या मेहताब टॉकीजमध्ये मी सतरा वर्षं निरोप पोचवायचं काम केलं. आज तुमच्या घरात ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे, त्यामुळे माझं काम काय होतं ते तुम्हाला जरा समजावून सांगावं लागेल. कंटाळू नका. माझ्याजवळ सांगण्यासारखं फार नाही, पण जे आहे ते मला शेवटपर्यंत सांगायचं आहे.

माझा जन्म एकोणीसशे नव्वद सालचा. चंदू फ्रेमवाल्याच्या दुकानात एक मोठी काच आली होती. तिचे तुकडे पाडून त्याने तसबिरी मढवल्या. माझ्या बहिणी कुणा देवावर, कुणा आजोबांवर जाऊन बसल्या. त्यांना सणासुदीला हार मिळतो. मी उरले. कुठल्याच चौकटीत न बसणारा तुकडा म्हणून मला दाराआड टाकलं होतं. तिथून मला दिलावरभाईंनी उचललं. चंदू फुकट देत होता, तरी त्यांनी त्याला चहा पाजला. मग घरी नेऊन, पाणी घालून घालून, पाट्यावर माझ्या कडा घासल्या. "हात कापता कामा नये," असं ते स्वतःशीच म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

दिलावरभाई मेहताब टॉकीजचे ऑपरेटर. माणूस तसा तिरसट. त्यांच्या केबिनमध्ये कुणी बिडी ओढली की ते मालकालासुद्धा बाहेर काढायचे. पण अक्षर असं की बघत राहावं. शाळा सातवीपर्यंतच झाली होती, मात्र प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची रेघ सरळ. ते रॉकेलची चिमणी पेटवायचे, मला तिच्या ज्योतीवर धरायचे आणि माझ्या अंगावर काजळीचा पातळ थर बसला की दाभणाच्या टोकाने त्यावर निरोप लिहायचे. दाभण जिथून फिरे तिथली काजळी निघे. मग सिनेमाच्या मोठ्या मशीनशेजारच्या छोट्या मशीनमध्ये मला उलटं सरकवायचं. मी आत उलटी, तर पडद्यावर अक्षरं सुलटी. चालू सिनेमाच्या खालच्या बाजूला पांढरीशुभ्र अक्षरं उमटायची आणि सगळं थेटर ती वाचायचं. निरोप पोचला की ओल्या फडक्याने मला पुसून ठेवायचं.

हे निरोप यायचे कुठून? टॉकीजच्या ऑफिसात एक फोन होता. पोलादपूरहून, मुंबईहून त्यावर फोन यायचे. डोंगरातल्या वाड्यांमधून माणसं चालत यायची आणि गेटवर धापा टाकत सांगायची, आमचा अमुक आत बसलाय, त्याला कळवा. हजारभर माणसांत अंधारात एकाला कसं शोधणार? म्हणून मी होते.

एक गोष्ट मी कुणाला कधी बोलले नाही. केबिनच्या फळीवर पडून असताना मला खाली थेटरातलं काहीच दिसायचं नाही. पण दिवा माझ्यातून आरपार गेला की मी पडद्यापर्यंत पोचायचे, आणि तिथून सगळ्यांचे चेहरे मला समोर दिसायचे. मान वर करून माझ्याकडे पाहणारे. कुणाचे ओठ अक्षरं जुळवताना हलत असायचे. मला सगळं दिसे, पण सांगता काही येत नसे. दुसऱ्याने माझ्यावर जे लिहावं, तेवढंच मी बोलू शकते. काचेचा जन्मच तसा.

माझा तिसराच निरोप वाईट होता. उमरठचा येसाजी नावाचा माणूस बकऱ्या विकून झाल्यावर तीनच्या शोला येऊन बसला होता. दिलावरभाईंनी आलेला निरोप जसाच्या तसा माझ्यावर लिहिला. "उमरठचे येसाजी, वडील वारले, घरी या." पडद्यावर गाणं चालू होतं, लोक शिट्ट्या मारत होते. येसाजीने ते वाचलं आणि अंधारात उभा राहून तो जो ओरडला, तो आवाज अजून माझ्यात आहे. धावताना खुर्च्यांना अडखळून पडला, गुडघा फुटला. वडिलांना पोचवायला तो लंगडत गेला.

दिलावरभाई त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला पुसताना म्हणाले, "यापुढे तुझ्यावर कुणाचं मरण लिहिणार नाही." तेव्हापासून त्यांनी रीत घातली. आनंदाची बातमी पुरी लिहायची. वाईट असेल तर फक्त नाव, आणि त्यापुढे दोन शब्द, "गेटवर भेटा." गेटवर बदामाच्या झाडाखाली बाक होतं. माणसाला तिथे बसवायचं, पाणी द्यायचं आणि मग हळूच सांगायचं. शिवाय त्याचा सिनेमा अर्धा राहिला, तर त्याला निळ्या पुठ्ठ्याचा एक पास मिळायचा. त्यावर दिलावरभाईंची सही. त्या पासावर केव्हाही यावं आणि इंटरवलनंतरचा अर्धा शो फुकट बघावा. लोक त्याला 'अर्ध्याचा पास' म्हणायचे. सहा महिन्यांनी, वर्षाने, दुःख ओसरलं की माणसं यायची. तोवर तो सिनेमा कधीच गेलेला असायचा. मग दुसऱ्याच सिनेमाचा शेवट बघून ती समाधानाने घरी जायची.

आनंदाचे निरोप मला फार आवडायचे. "शिवथरचे सयाजी, मुलगी झाली, दोघी सुखरूप." असं उमटलं की अख्खं थेटर टाळ्या वाजवायचं आणि सयाजी उठून उगाचच सगळ्यांना हात जोडायचा. एकदा पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या भागोजीची म्हैस दोन दिवस हरवली होती. तो बिचारा शोधून शोधून थकला आणि दुःख विसरायला सिनेमाला येऊन बसला. त्याला मी सांगितलं, "भागोजी, म्हैस सापडली, पिक्चर पुरा बघून या." त्या निरोपाला जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या हिरोलाही पडल्या नसतील.

मेहताबमध्ये डावीकडची बाजू बायकांची होती. मध्ये कमरेएवढं लाकडी कुंपण आणि दारावर गोदूबाई. हातात बॅटरी, कमरेला पदर खोचलेला. गावाकडच्या म्हाताऱ्या असोत नाहीतर कॉलेजातल्या मुली, सगळ्यांना ती सारख्याच आवाजात खुर्ची दाखवायची. "हळू चल गो, पायरी हाय." तिथे दर बुधवारी तीनच्या शोला एक सासू-सुनेची जोडी येत असे. सासू आसियाखाला आणि सून रिझवाना. आसियाखालाला सिनेमाचं भारी वेड. व्हिलन दिसला की त्या मोठ्याने शिव्या द्यायच्या आणि रिझवाना लाजून त्यांचा हात दाबायची. रिझवानाचा नवरा अर्शद मस्कतला ड्रायव्हर होता. लग्नाला सहा महिने झाले आणि तो गेला, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. कधीतरी पत्र यायचं, ईदला फोन. ती पडद्याकडे बघायची, पण माझी अक्षरं उमटली की आधी तिचा हात छातीवर जायचा. नाव दुसऱ्याचं आहे असं दिसलं की तो हात खाली यायचा. हे मी कितीदा पाहिलं.

ती एकटीच तसं करत नव्हती, मित्रांनो. सगळ्याच बाया करत होत्या. कारण 'गेटवर भेटा' याचा अर्थ आता पंचक्रोशीला पाठ झाला होता. कुणी गेलं असेल तरच गेटवर बोलावतात. दिलावरभाईंनी मायेने निवडलेल्या त्या दोन शब्दांचा लोकांनी धसका घेतला होता. आणि ही गोष्ट महाडमध्ये एकाच माणसाला ठाऊक नव्हती. ते स्वतः दिलावरभाई. ते वर केबिनमध्ये मशीनपाशी असायचे, मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या पुढे सरकवत. खाली काय होतं ते त्यांना कधी दिसलंच नाही. दिसत होतं ते मला.

मग सत्त्याण्णव साली, पाऊस उघडल्यावर, एका बुधवारी अर्शद आला. न कळवता आला. घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, दोघी मेहताबला गेल्यात. तसाच रिक्षात बॅगा टाकून तो टॉकीजवर आला आणि जिना चढून केबिनच्या दारात उभा राहिला. दिलावरभाईंनी त्याला लहानपणापासून पाहिलेलं. त्यांनी त्याला मिठीच मारली.

"चाचा, तिला बाहेर बोलवा ना," अर्शद म्हणाला. "पण मी आलोय असं लिहू नका. मला तिचं तोंड बघायचंय."

दिलावरभाई हसले. त्यांना गंमत क्वचितच सुचायची, त्या दिवशी सुचली. त्यांनी चिमणी पेटवली. दाभण माझ्यावर फिरू लागलं तेव्हा मला पहिल्या अक्षरापासूनच कळत होतं की हे चुकतंय. मी तडकले असते तर बरं झालं असतं. पण काच हवी तेव्हा तडकत नाही. त्यांनी मला मशीनमध्ये सरकवलं आणि पडद्यावर उमटलं, "रिझवाना अर्शद, गेटवर भेटा."

मी समोर पाहिलं. रिझवानाचा हात छातीवर गेला होता, तो तिथेच राहिला. तिच्या मांडीवरची शेंगांची पुडी खाली पडली. शेजारच्या बाईने आपलं पोर उचलून दुसऱ्या खुर्चीवर नेलं. बायकांच्या बाजूला कुणी हलेना. रिझवाना उठली आणि तिने सासूचा हात धरला. आसियाखालाने तो सोडवून घेतला.

"तू जा गो," त्या म्हणाल्या. "मी हितंच बसते. जोवर मी आयकत नाय तोवर माझा पोर हाय."

गोदूबाई बॅटरी घेऊन धावली. तिने रिझवानाला दंडाला धरून बाहेर नेलं. गेटवर काय झालं ते मी पाहिलेलं नाही, गोदूबाईने नंतर वर येऊन सांगितलं तेच सांगते. दारापासून बदामाच्या झाडापर्यंत मोजून पंधरा पावलं. ती चालायला रिझवानाने इतका वेळ लावला की गोदूबाईला वाटलं ही पोचूच नये म्हणून चालतेय. झाडाखाली अर्शद उभा होता. हसत. हातात बॅग. रिझवानाने त्याच्याकडे पाहिलं आणि ती जमिनीवर बसली. तो पुढे आला, तर तिने हाताने त्याला थांबवलं. मग म्हणाली, "मी आत तुमाला मातीआड करून आले. आता कशे उभे ऱ्हायलाव माझ्यासमोर?"

अर्शदचं हसू गेलं ते गेलंच. गोदूबाईने आत धावत जाऊन आसियाखालाला सांगितलं, पोर उभा हाय, जिता हाय. त्यांचा विश्वास बसेना. बाहेर येऊन त्यांनी मुलाचा कान हातात धरून पाहिला, लहानपणी पडलेली खोक तिथे होती, तेव्हा त्या रडल्या.

शो सुटल्यावर गोदूबाई वर आली. दिलावरभाई खुशीत होते. "काय, कशी गंमत झाली?" त्यांनी विचारलं.

"दिलावरभाई, तुमी वर बसता," ती म्हणाली. "तुमची काच लागली का खाली काय व्हतं तुमाला म्हाईत हाय का? बायका पदर तोंडात धरतात. भांडनात एकमेकींना शाप देतात, तुला गेटवर बोलवतील म्हनून. सात वरसं झाली. तुमाला कुनी सांगितलं नाय, कारन तुमी चांगल्या मनानं करता."

"मग तू तरी सांगायचंस."

"सांगनार व्हते. पर मग वाईट खबर कशी सांगायची, ते मला तरी कुठं सुचत व्हतं?"

दिलावरभाई मला पुसत होते. ऐकता ऐकता त्यांची पकड सुटली आणि मी सटकून फरशीवर पडले. माझा कोपरा उडाला तो तेव्हा. त्यांनी तो तुकडा शोधला नाही, नुसते बघत राहिले. मला दुखलं नाही. त्यांचा चेहरा पाहून मात्र मला फार वाईट वाटलं. सात वर्षं आपण लोकांना जपतोय असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ते रिझवानाच्या घरी माफी मागायला गेले. सोबत अर्ध्याचे दोन पास नेले. आसियाखाला पुढच्याच बुधवारी आपला पास वापरून गेल्या आणि व्हिलनला दुप्पट शिव्या देऊन आल्या. रिझवानाने पास घेतला, चहा दिला आणि म्हणाली, "चाचा, तुमचा गुन्हा नाय. पर त्या अंधारात मी परत नाय येनार." ती खरंच आली नाही.

त्यानंतर रीत बदलली. वाईट खबर पडद्यावर येणं बंद झालं. ती आली की गोदूबाई आत जायची, त्या बाईच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची, तिचा हात हातात घ्यायची, दोन मिनिटं तिच्याबरोबर सिनेमा बघायची आणि मग तिला उठवून बाहेर आणायची. पुरुषांच्या बाजूला हेच काम महिपती नावाचा डोअरकीपर करायचा. माझ्यावर आता फक्त आनंद लिहिला जाई. बारसं, निकाल, नोकरीचं पत्र, सापडलेली गुरं. माझी ती वर्षं फार सुखाची गेली. पण एकदा काय झालं, गोदूबाईचे गुडघे दुखत होते म्हणून ती सहज एका रिकाम्या खुर्चीवर टेकली. शेजारी पोलादपूरची सुरेखा होती. गोदूबाईला बाजूला बसलेली पाहून सुरेखाने हंबरडाच फोडला. तिच्या घरी सगळं ठीक होतं. त्यानंतर गोदूबाई टॉकीजमध्ये कधीच खाली बसली नाही, तीन तीन तास उभी राहायची.

हळूहळू माझं काम आटलं. आधी केबल आली, मग मोबाइल आले. ज्याला निरोप असेल त्याच्याच खिशात घंटी वाजू लागली. दिलावरभाईंनी मला फिल्म जोडायच्या चिकटपट्टीच्या डब्यात ठेवलं. दोन हजार पाच साली जुलैत सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, तेव्हा ते केबिनच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत आलं होतं. मी वर होते म्हणून वाचले. खालच्या खुर्च्या चिखलात गेल्या. पडद्यावर खालच्या अंगाला मातीचा पट्टा बसला तो निघालाच नाही. त्यानंतरच्या प्रत्येक सिनेमात हिरो गुडघाभर चिखलात उभा दिसायचा. लोक हसायचे, मग लोक यायचेच बंद झाले. डब्यात पडून मला वाटायचं, आपल्याला सगळे विसरले. खरं सांगते, मला राग यायचा.

दोन हजार सातच्या ऑगस्टमध्ये मालकांनी टॉकीज बंद करायचं ठरवलं. शेवटचा शो बुधवारी, तीनचा. पुरानंतर इतकी गर्दी कधी झाली नव्हती. मी डब्यात होते, त्यामुळे पुढचं मागाहून ऐकलेलं सांगते. आणि इंटरवलला बायकांच्या दारावर रिझवाना येऊन उभी राहिली. बरोबर आठ वर्षांची मुलगी, सादिया. रिझवानाच्या हातात रेशनकार्डात जपलेला निळा पुठ्ठा होता. आसियाखाला आता हयात नव्हत्या. अर्शद मस्कत सोडून आला होता आणि स्वतःचा टेम्पो चालवत होता. त्यानेच हट्ट धरला होता, पोरीने एकदा तरी टॉकीज बघायला हवं आणि तुझा अर्धा शो राहिलाय. सकाळी तो खेडला माल पोचवायला गेला होता. दुपारी येऊन दोघींना घेऊन जाणार होता. तो आला नाही. म्हणून त्या पुढे आल्या, तो परस्पर इथेच येईल म्हणून.

गेटवर आल्यावर तिला बातमी कळली. कशेडी घाटात दरड कोसळली होती. दोन गाड्या खाली गेल्या असं कुणी म्हणत होतं, कुणी म्हणत होतं चार. अर्शदचा मोबाइल लागत नव्हता. घाटात रेंज कधीच नसते, पण हे माहीत असलं तरी जिवाला कसं समजावणार?

"घरी जातेस का?" गोदूबाईने विचारलं.

"नको. मी हितं हाय ते त्यांना ठावं हाय. ते आले तर हितंच येतील." असं म्हणून ती आत गेली आणि सादियाला घेऊन कडेच्या खुर्चीवर बसली. त्या अंधारात, जिथे परत यायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

गोदूबाईने हे सगळं महिपतीकडून वर कळवलं. दिलावरभाईंचे केस पिकले होते, कांड्या सरकवताना चष्मा लावावा लागायचा. त्यांनी दर दोन मिनिटांनी भिंतीतल्या चौकोनी भोकातून खाली बघायला सुरुवात केली. आयुष्यभरात ते इतक्या वेळा खाली पहिल्यांदाच बघत होते.

सिनेमा संपायला अर्धा तास असेल, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. हळू, एकेक पायरी. गोदूबाई. गुडघे गेल्यापासून ती कधी वर आली नव्हती. दिलावरभाई मशीन सोडून दारात गेले.

"आलाय," तिने धापा टाकत सांगितलं. "टेम्पो पलीकडं ठेवला, दरडीवरनं चालत आला. चिखलानं भरलाय, कपाळाला खरचटलंय, बाकी धड हाय. आत जा म्हटलं तर जात नाय. म्हनतो, मागल्या येळी मी न सांगता समोर आलो, आता आधी तिला सांगा."

"मग सांग ना जाऊन."

"मी?" गोदूबाई म्हणाली. "मी तिच्या बाजूला जाऊन नुसती उभी ऱ्हायले तरी पोर जागच्या जागी मरंल. दिलावरभाई, काच काढा."

मित्रांनो, डब्याचं झाकण उघडलं. चार वर्षांनी मला उजेड दिसला. चिमणी कधीच गंजून गेली होती. दिलावरभाईंनी वीज गेल्यावर लावायची मेणबत्ती पेटवली आणि मला तिच्यावर धरलं. मेणबत्तीची ज्योत हलत होती, काजळी नीट बसेना. त्यांनी दाभण शोधलं, सापडलं नाही. गोदूबाईने पदराची पिन काढून दिली. ते लिहू लागले. दोन शब्द नाहीत, चार ओळी. छोटी छोटी अक्षरं, पण रेघ सरळ. एकेक अक्षर उमटत होतं आणि मला आतून हलकं हलकं वाटत होतं. इतक्या वर्षांत एवढं मोठं बोलायला मला कुणी दिलं नव्हतं.

त्यांनी मला मशीनमध्ये सरकवलं. दिवा आरपार गेला. पडद्यावर, त्या चिखलाच्या पट्ट्याच्या वर, मी उमटले.

"रिझवाना, अर्शद कशेडीहून आला आहे. सुखरूप आहे. गेटवर उभा आहे. घाई नको, पिक्चर पुरा बघून ये."

मी तिच्याकडे पाहिलं. नाव वाचताच तिचा हात छातीवर गेला आणि तिने डोळे मिटून घेतले. तिला पुढचं वाचायचंच नव्हतं. माझा जीव टांगणीला लागला. वाच गो, वाच, असं मला ओरडायचं होतं. तेवढ्यात शेजारी बसलेल्या सादियाने बोट दाखवत एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शाळेत वाचतात तसं, ठसक्यात. "सु-ख-रू-प. अम्मी, सुखरूप म्हंजे काय?"

रिझवानाने डोळे उघडले. तिने सगळं वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग ती उठली. सगळं थेटर टाळ्या वाजवत होतं आणि पुरुषांच्या बाजूला कुणीतरी शिट्टीही मारली. घाई नको असं लिहिलं होतं, पण कोण ऐकतंय. मुलीला कडेवर घेऊन ती धावली. मागच्या वेळी पंधरा पावलांना लागलेला वेळ या वेळी लागला नाही, असं गोदूबाई सांगते.

तिचा सिनेमा पुन्हा अर्धाच राहिला. शो संपल्यावर दिलावरभाई खाली आले तेव्हा ती तिघं बदामाखालच्या बाकावर बसली होती. अर्शदच्या अंगावरचा चिखल रिझवानाच्या ओढणीला लागला होता. दिलावरभाई म्हणाले, "आता पास कुठला देऊ? टॉकीज तर बंद झालं." म्हणून त्यांनी मला दिलं. पुसून नाही. माझ्यावर तेवढ्याच आकाराची दुसरी एक काच ठेवून, चारी कडांना फिल्मची चिकटपट्टी लावून, त्या चार ओळींसकट.

मेहताबच्या जागी आता गाळे झाले आहेत. दिलावरभाई अधूनमधून रिझवानाकडे चहाला येतात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, 'आहे' मधली मात्रा जरा वाकडी झाली. मी तिच्या शोकेसमध्ये असते, कपबशांच्या शेजारी. चिकटपट्टी आता एका बाजूने सुटायला लागली आहे. घरात आलेली पाहुणी मला बघून म्हणते, ही काळी काच कशाला ठेवली, स्वच्छ करून दे की.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणाला ना कुणाला निरोप द्याल. तो पुरा द्या. मायेने का होईना, अर्धा ठेवू नका, उरलेला अर्धा ऐकणाऱ्याची भीती भरून काढते. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी एकच मागणं मागतात, आमची धूळ पुसा, आम्हाला लख्ख करा. माझं मागणं उलटं आहे. कधी रिझवानाच्या घरी आलात, तर बाकीच्या सगळ्या काचा पुसा. मला मात्र ओलं फडकं लावू नका. माझ्यावर सुखरूप लिहिलेलं आहे.